काश्मीरचं तिकीट रद्द, पाचोऱ्याचा फलाट आणि तीन दिवसांचा खान्देश

२०२५ च्या मे महिन्यात खान्देशातल्या कितीतरी घरांत काश्मीरसाठी भरलेल्या बॅगा पुन्हा रिकाम्या झाल्या. २२ एप्रिलला पहलगामला २६ जण मारले गेले, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि मग उत्तर-पश्चिमेकडचे ३२ विमानतळ काही दिवस बंद राहिले. आपल्या सुट्ट्या मोडत होत्या त्याच आठवड्यात रजेवर आलेल्या जवानांनाही परत बोलावणं येत होतं. पाचोरा तालुक्यातल्या एका जवानाचं लग्न ५ मेला लागलं आणि ८ मेला तो गाडीत बसला. हळदीच्या अंगाने. निरोप द्यायला नवी नवरी फलाटावर आली होती. ही बातमी वाचल्यावर रद्द झालेल्या सहलीचं दुःख करत बसायची लाज वाटते, म्हणून तीन दिवसांच्या सहलीचा हा आराखडा त्याच रेल्वेमार्गाच्या कडेने मांडतो: चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. सगळं मिळून ११५ किलोमीटरच्या आसपास.

आधी तिकिटाचं. घाबरून स्वतःच तिकीट रद्द करणं ही त्या वेळची सगळ्यात महागडी चूक होती. तेव्हाच्या नियमाने गाडी सुटायला ४८ तासांहून जास्त वेळ असेल तर स्लीपरला १२०, थर्ड एसीला १८० आणि सेकंड एसीला २०० रुपये कापले जात. ४८ ते १२ तासांच्या आत पाव भाडं जाई, १२ ते ४ तासांच्या आत निम्मं. तात्काळचं कन्फर्म तिकीट असेल तर हाती भोपळाच. मात्र गाडी रेल्वेनेच रद्द केली तर पूर्ण पैसे परत, आणि ऑनलाइन तिकिटाचे तर आपोआप खात्यात. म्हणून तेव्हा ४८ तासांच्या टप्प्यापर्यंत थांबायला हवं होतं, तोवर गाडीची स्थिती बघत राहायला हवी होती आणि मगच हात लावायला हवा होता.

पहिला दिवस पाटणादेवीचा. चाळीसगावपासून १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. मे महिन्यात धबधब्यांच्या आशेने कुणी जाऊ नये, तिथे फक्त काळा कातळ असतो. बघायचं ते चंडिकादेवीचं देऊळ, आणि आठवायचा तो इथला शिलालेख. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची ही नोंद आहे शके ११२८ ची. भाऊ दाजी लाड यांनी ती उजेडात आणली. सकाळी सातला पोचा आणि अकराच्या आत जंगलातून बाहेर पडा. माणशी चार लिटर पाणी बरोबर हवंच. खान्देशातलं ऊन ४४-४५ अंशांवर गेलं की बाटलीतलं पाणी तासाभरात चहासारखं होतं, त्यामुळे गोणपाटाची ओली पिशवी बाटलीवर गुंडाळलेली बरी.

दुसऱ्या दिवशी म्हसावदमार्गे पद्मालय: एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एकाची सोंड डावी, दुसऱ्याची उजवी. तळ्यातली कमळं उन्हाळ्यात विरळच दिसतात. जेवणात भरीत मागू नका. भरताची हिरवी वांगी खरी हिवाळ्यातली, मेमध्ये मिळतं ते फक्त नावाचं भरीत. या दिवसांत मागायची ती खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. चुलीवर मातीचं खापर पालथं घालतात. पोळी लाटत नाहीत, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करतात आणि एका झटक्यात खापरावर सोडतात. खापर कमी तापलं तर पोळी चिकटते, जास्त तापलं तर मधोमध भोक पडतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी अजून घरात असतील तर हे हमखास बघायला मिळतं.

तिसरा दिवस अजिंठ्याला द्या, जळगावहून साठ किलोमीटर. सोमवारी लेणी बंद. खासगी गाडी फाट्यावरच थांबते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. किंवा भुसावळहून मुक्ताईनगरकडे वळा, तापी-पूर्णेच्या संगमावर योगी चांगदेवाचं देऊळ आहे. वाटेत वरणगावचा दारूगोळा कारखाना लागतो. जवानाच्या बंदुकीत जाणारी काडतुसं इथे बनतात. फाटकाचे फोटो काढू नका, पहारेकरी मोबाइल तपासतो आणि तासभर तिथेच जातो.

आता फलाट. पुणे-जम्मू झेलम एक्सप्रेस याच मार्गाने जाते आणि जळगाव-भुसावळला रात्रीच येते. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. मधल्या स्थानकांवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात ट्रंक चढवायची, आईच्या पाया पडायचं, लाडवांचा डबा खिडकीतून आत घ्यायचा. अशा वेळी दारात उभे असाल तर बाजूला व्हा आणि ट्रंकेची एक कडी धरा. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते, पण तातडीचं बोलावणं आलं की ती तिथेच संपते. आणि मग मिळेल त्या गाडीत, कधी आरक्षणाशिवायही चढावं लागतं. गावात त्याला पहिला प्रश्न येतो, "कितला दिननी सुटी शे?" प्रेमानेच विचारतात, पण त्याच्या घरच्यांसमोर तो टाळलेला बरा.

वाटेवरच्या बऱ्याच गावांत वेशीजवळ किंवा शाळेच्या आवारात शहीद जवानाचं स्मारक दिसतं. तिथे चप्पल काढून दोन मिनिटं थांबायला कुणाची परवानगी लागत नाही. घरी जायचं असेल तर मात्र सरपंच किंवा गावातल्या माजी सैनिकामार्फत आधी विचारा, आणि वीरमातेबरोबर सेल्फी काढायचं मनातही आणू नका. तेराव्यापर्यंत घरात माणूस मावत नाही. खरी गरज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लागते, कारण तेव्हा कागद अडलेले असतात. नेहमीचा घोळ पत्नीच्या नावाचा: पलटणीच्या नोंदीत 'सुनंदाबाई', आधारवर 'सुनंदा', बँकेत माहेरचं आडनाव. तिन्ही जुळेपर्यंत निवृत्तिवेतन लटकतं. मृत्यूची नोंद कोणत्या प्रकारात झाली यावर रक्कम ठरते: लढाईतला मृत्यू असेल तर शेवटच्या पगाराएवढी, सेवेशी निगडित दुसऱ्या कारणाने असेल तर ६० टक्के, एरवी ३० टक्के. शिवाय 'स्पर्श' या सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत दरवर्षी हयातीचा दाखला भरावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात आणि का थांबले हे घरात कुणालाच कळत नाही. बरोबर कुणी लिहिता-वाचता, मोबाइल चालवता येणारा असेल तर हे काम अर्ध्या तासाचं आहे.

पैसे द्यायचे असतील तर हातात नोटा ठेवू नका, त्यावरून भावकीत वाद होतात. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जमा करता येतो, पावती मागून घ्या. 'भारत के वीर' संकेतस्थळावर एखाद्या शहिदाच्या वारसाच्या खात्यावर थेट रक्कम जाते, पण ते सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांसाठी आहे. लष्करातल्या जवानाचं नाव तिथे शोधत बसू नका. जिल्ह्याचं कार्यालय शनिवार-रविवारी बंद असतं, तेव्हा जळगावचा मुक्काम आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवा आणि सकाळी अकराच्या आत तिथलं काम उरकून मगच अजिंठ्याची गाडी धरा.