पिवळा सेहेचाळीस

इंदुरात पिवळा ४६ कशावर चिकटवलेला सापडेल याचा नेम नाही. राजवाड्याच्या गर्दीत रांगणाऱ्या स्कूटीवर, दुधाच्या कॅन लटकवलेल्या बाइकवर, एकदा तर ई-रिक्षाच्या पाठीवर. ४६ हा मोटरसायकल शर्यतींतल्या व्हॅलेंटिनो रॉसीचा क्रमांक. तो २०२१ मध्येच निवृत्त झाला, हे त्या रिक्षावाल्याला कोणी सांगितलेलं नसावं.

माणूस होताच तसा. नऊ विश्वविजेतेपदं, ११५ शर्यती खिशात. २००४ मध्ये जिंकणारी होंडा सोडून धडपडणाऱ्या यामाहावर बसला आणि पहिलीच शर्यत मारली! पण मला नवल वाटतं ते त्याच्या उतरत्या काळाचं. शेवटचा विजय २०१७ मधला, नेदरलँड्समधल्या असेनचा. पुढची चार वर्षं जिंकणारे दुसरेच, गॅलऱ्या मात्र पिवळ्याच. रॉसी दहावा असला तरी टीव्हीचा कॅमेरा फिरून त्याच्याकडेच. मोटोजीपीवाल्यांनाही, म्हणजे या जागतिक शर्यती भरवणाऱ्यांनाही, ते सोयीचं होतं. एकच चेहरा विकला की भागायचं. तो गेला आणि २०२२ मध्ये मुजेलोला, म्हणजे त्याच्या मायदेशी इटलीतल्याच शर्यतीला, प्रेक्षक एकदम रोडावले. होंडाचीही तीच गत. सगळी भिस्त मार्क मार्केझ या एका स्वारावर. २०२० मध्ये स्पेनमधल्या हेरेझला त्याच्या दंडाचं हाड मोडलं आणि त्या वर्षी होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही.

आमचे आजोबा होळकर संघाचे सामने बघायला जायचे ते सी. के. नायडूंसाठी. घरी येऊन बोलायचे मात्र सरवट्यांच्या फिरकीबद्दल, मुश्ताक अलींच्या बेछूट फटक्यांबद्दल. त्या संघाने चार वेळा रणजी करंडक आणला, तो काही एकट्या सीकेंनी नव्हे, हे प्रेक्षकांनाही ठाऊक होतं. तेव्हा डोळ्यांसमोर अख्खं मैदान असायचं. कुठे बघायचं ते कॅमेरा ठरवत नसे.

गंमत म्हणजे आपल्यामागे कोण, याची काळजी खुद्द रॉसीनेच जास्त घेतली. त्याच्या तालमीतला बान्याया २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ विश्वविजेता झाला. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली मोटोजीपी झाली, तीही रॉसीच्याच संघातल्या, त्याच्याच चेल्याने जिंकली. माझा भाचा इंदूरहून खास गेला होता, अर्थात ४६ चा टीशर्ट घालून.

"कोण जिंकलं रे?"

"मामा, रॉसीची टीम!"

"अरे, पण चालवत कोण होतं?"

"होता ना कोणीतरी. पण टीम रॉसीची होती."

मार्को बेझेकी हे नाव मला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचावं लागलं.