पेडल दोनदा दाबायची सवय

गाडी हॉर्नसाठी आली होती. पंचवीस वर्षं उलटलेली, कार्ब्युरेटरवाली छोटी हॅचबॅक. मागचा बंपर तारेने बांधलेला, उजव्या दाराचा रंग बाकीच्या गाडीशी न जुळणारा, बॉनेट उन्हाने फिकट पडलेलं. चालवणाऱ्या ताईंची ही पहिली गाडी. “दादा, हॉर्न तेवढा बघा. बाकी तिच्या सवयी आहेत, त्या मला पाठ आहेत,” असं म्हणत त्यांनी किल्ली दिली आणि दार उचलून कसं लावायचं तेही दाखवलं.

हॉर्न बारीक, घोगरा वाजत होता. अशा वेळी हॉर्न बदलण्याआधी अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाणारी विजेची वाट, तपासावं. बॅटरीवर 12.5 व्होल्ट होते. हॉर्नचं बटण दाबून धरलं आणि मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी हॉर्न पत्र्याला धरणाऱ्या पट्टीला लावली, तर मीटर 5 व्होल्ट दाखवू लागला. तिथे शून्याच्या आसपास आकडा हवा. म्हणजे बॅटरीतला चाळीस टक्के जोर पट्टीखालच्या गंजातच अडकत होता. बोल्ट काढला, पट्टी आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, ग्रीसचं बोट फिरवून बोल्ट कसला. हॉर्न खणखणीत वाजला. पंधरा मिनिटांचं काम.

गाडी बाहेर काढताना ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल जवळजवळ फरशीपर्यंत गेलं. सोडून पुन्हा दाबलं तर वर, कडक. दाब तसाच धरून ठेवला तर पेडल सावकाश खाली सरकू लागलं. गाडी तिथेच हँडब्रेकवर उभी केली.

“हो, दोनदा दाबावा लागतो,” ताई म्हणाल्या. “तिची पद्धतच आहे ती.”

मग त्यांना म्हटलं, ताई, तिच्या सगळ्या सवयी सांगा, एकही गाळू नका. त्यांनी एका दमात सांगितल्या. सकाळी चोक (थंड इंजिन सुरू करायची ओढायची मूठ) पूर्ण ओढायचा आणि मिनिटभराने अर्धा आत. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकतो, म्हणून किलोमीटर लिहून ठेवायचे. ब्रेक मारला की किंचित उजवीकडे जाते. गाडी कधीच गरम होत नाही, काटा खालीच असतो. टायर अजून नव्यासारखे आहेत. आणि ब्रेक ऑइल थोडं पिते, दर महिन्याला वरून टाकावं लागतं.

एवढं बारीक लक्ष असलेला माणूस मेकॅनिकला क्वचित भेटतो. कोणता आवाज कधी, थंड इंजिनला की गरम, डाव्या वळणावर की उजव्या, हे जो सांगतो त्याच्या गाडीतला दोष शोधायला अर्धा वेळ पुरतो. पण जीव जडला की दोषही स्वभाव वाटू लागतो, आणि पाय नकळत तो सांभाळून घेतो. दोनदा दाबायला मोकळ्या रस्त्यावर वेळ असतो. कुणी अचानक आडवं आलं तर एकच दाब मिळतो.

ब्रेक ऑइल गाडी ‘पीत’ नाही. पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी महिनोन् महिने घेऊन थोडी उतरते, तेवढंच. दर महिन्याला भर घालावी लागते याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घेतली, हँडब्रेक सोडला. डावा ड्रम, म्हणजे ज्याला आतून ब्रेकचे शू घासून चाक थांबवतात ते गोल भांडं, निघेना, कारण शू घासून घासून ड्रम आतून झिजला होता आणि कडेला धार तयार झाली होती. अशा ड्रमवर हातोडा चालवू नये, बीड तडकतं. ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा कसत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या थरात, फुफ्फुसाला घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्यावी.

आत व्हील सिलिंडरचं, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या नळीचं, रबरी टोपण बोटाने मागे सारलं आणि तपकिरी ऑइल ओघळलं. दोन्ही शू ओले, काळे, गुळगुळीत. डावी बाजू नीट धरत नव्हती, म्हणून गाडी उजवीकडे ओढत होती. मागच्या ब्रेकमधला फरक स्टिअरिंगवर थोडाच जाणवतो, त्यामुळे तो ‘किंचित’ वाटतो. पण ओल्या रस्त्यावर मागचा भाग भेलकांडू शकतो.

उजव्या बाजूला गळती नव्हती, पण ॲडजस्टर, म्हणजे शू ड्रमच्या जवळ ठेवणारा भाग, गंजून जाम झाला होता. शू झिजत गेले, ड्रमपासून लांब राहिले आणि पहिला दाब ते अंतर भरण्यातच संपू लागला. त्यावर आधी कुणीतरी हँडब्रेकची केबल कसून ठेवली होती. ही चूक फार ठिकाणी होते. केबल ताणली की हँडब्रेक वर धरतो आणि सगळं ठीक वाटतं, पण शू अर्धवट ओढलेले राहिल्यामुळे ॲडजस्टरला कामच करता येत नाही. आधी केबल सैल, मग शू ॲडजस्ट आणि सर्वांत शेवटी केबल, हा क्रम मोडू नये.

गळक्या सिलिंडरच्या आत बोट फिरवलं तर खड्डे लागले. खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नुसतं रबर किट टाकलं तर ते काही दिवसांत पुन्हा कापलं जातं. म्हणून दोन्ही सिलिंडर नवे. शूसुद्धा दोन्ही चाकांचे नवे. ऑइल प्यायलेलं लायनर घासून, भाजून परत बसवतात, ते करू नये. आत मुरलेलं ऑइल गरम झालं की पुन्हा वर येतं. ड्रमचा आतला व्यास त्यावर कोरलेल्या कमाल मापाच्या आत होता, म्हणून ड्रम ठेवले आणि फक्त कडेची धार उतरवली.

टाकीतलं ऑइल चहासारखं काळपट झालं होतं. डॉट-3 आणि डॉट-4 या प्रतींची ब्रेक ऑइलं हवेतलं पाणी शोषतात. ताज्या डॉट-3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ते उकळलं तर पाइपात वाफ होते आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल रिकामं जातं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावं, वरून भर घालत राहू नये.

एअर, म्हणजे ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा, काढताना जुन्या गाडीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. पेडल तळापर्यंत दाबायचं नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलच्या दाबाने चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या मुख्य नळीचा, पिस्टन ज्या भागापर्यंत जात नाही, तिथे गंज धरलेला असतो. रबर त्यावरून घासलं की फाटतं, आणि बरा असलेला मास्टर सिलिंडर आपल्याच हाताने जातो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला. हेल्परने दाबून धरायचं, मी निपल, म्हणजे चाकाजवळचा हवा सोडायचा छोटा स्क्रू, अर्धा आटा उघडून बंद करायचं, मगच त्याने पाय उचलायचा. टाकी दर सहा-सात दाबांनी भरली. चारही चाकांना बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. त्यानंतर पेडल दाबून धरलं तरी जागचं हललं नाही, म्हणजे मास्टर सिलिंडर शाबूत होता.

बाकीच्या सवयींपैकी चोक, पेट्रोलचा काटा आणि दार तशीच ठेवली. त्यात धोका नाही. ‘कधीच गरम न होणं’ हा मात्र गुण नव्हता. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला होता. इंजिन सतत थंड राहिलं की पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते. नवा बसवला, काटा मध्यावर आला. टायरच्या नक्षीची खोली छान होती, पण कडेवरच्या तारखेच्या आकड्यांत शेवटी 2311 होतं, म्हणजे 2011 सालचा तेविसावा आठवडा. रबर कडक होऊन कडेला बारीक चिरा पडलेल्या. ते बदलायला सांगितले. खालचा पत्रा आणि जॅक लावायच्या जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिल्या. टोक कुठेही आत गेलं नाही. गेलं असतं तर एवढा खर्च करा असं ताईंना म्हटलं नसतं, कारण सांगाडा कुजला की नवे ब्रेक कशाला धरून राहणार?

संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर ताईंनाच चालवायला दिली. नवे शू बसण्यासाठी ताशी चाळीसच्या वेगावरून हलके वीसेक ब्रेक, मध्ये थोडं थंड होऊ द्यायचं. पहिल्याच ब्रेकला त्यांचा पाय सवयीने दोनदा पडला आणि गाडी हिसका देऊन जागीच थांबली. पंधराव्या-सोळाव्या ब्रेकपर्यंत पाय एकदाच पडू लागला. शंभर किलोमीटरनंतर निपल आणि ॲडजस्टमेंट तपासायला या, आणि मधल्या काळात टाकीवरच्या खुणेखाली ऑइल उतरलं तर वरून भर न घालता तशीच गाडी दाखवा, असं सांगितलं. त्यांनी किलोमीटर लिहायच्या वहीत ते लिहून घेतलं.