दुगावचा उतार, अंजनेरीचा चढ आणि नवीन सायकल

नवीन सायकल घरी येऊन दीड महिना झाला आणि या दीड महिन्यात मी तिला घरापासून पंचवीस-तीस किमीच्या पलीकडे नेलेलंच नाही, मुद्दाम. ग्रुपवर सगळे म्हणतायत अगं सापुताऱ्याला घेऊन जा, भावली धरणाला एक चक्कर मार, नव्या सायकलवर काय मस्त वाटेल. वाटेलच. पण डिसेंबरात मला माझी पहिली २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) करायचीये, साडेतेरा तासांच्या आत, आणि त्या दिवशी सायकलवर एकही वस्तू अशी नको की जी मला नीट माहीत नाही. म्हणून ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती आपल्या नेहमीच्याच रस्त्यावर तपासायची.

नेहमीचा रस्ता म्हणजे गंगापूर नाका, आनंदवल्ली, सोमेश्वर, गोवर्धन, दुगाव, गिरणारे. नऊ वर्षं झाली मी हा रस्ता चालवतेय. २०१५ ला आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीममध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, ती अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली ना, त्यानंतर शहरात घराघरातून सायकली बाहेर निघाल्या, मीही त्यातच पुढे कधीतरी सुरू केलं. आता या रस्त्यावरचा कुठला खड्डा दरवर्षी बुजवतात आणि दरवर्षी त्याच जागी परत पडतो हे मला पाठ आहे. म्हणूनच तर हा रस्ता उपयोगाचा. रस्ता तोच, मी तीच, मग जे काही वेगळं वाटतंय ते नव्या पार्टमुळेच.

सुरुवात टायरपासून. जुन्या सायकलला २५ एमएमचे टायर होते आणि मी त्यात १०० पीएसआय हवा मारायचे, कारण सगळे तसंच सांगायचे, टायर दगडासारखा कडक म्हणजे सायकल पळते. नवीनवर ३२ एमएमचे ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, बसवले. बसवतानाच अर्धा दिवस गेला, घरचा पंप कितीही जोरात मारला तरी टायर रिमवर धरेना, शेवटी चाक घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेले. त्यांच्या कॉम्प्रेसरचं नोझल मोटरसायकलचं, ते माझ्या सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला लागत नाही, त्यासाठी एक छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो तो सोबत ठेवा. काकांनी हवा सोडली आणि टप्, टप् असे दोन आवाज आले, टायर जागेवर. मग व्हॉल्व्हमधून चाळीस-पन्नास मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, ते पांढरं दुधासारखं असतं.

आता हवा किती? माझं वजन ६२ किलो. दुगावच्या अलीकडे एक छोटा सरळ उतार आहे, डांबर खरखरीत, मध्येमध्ये खडी उघडी पडलेली. तिथे मैलाच्या दगडाशी थांबायचं, पाय पेडलवर ठेवायचे, ब्रेक सोडायचा आणि एकही पेडल न मारता सायकल जिथे थांबेल तिथे बघायचं. सकाळी साडेसहाला गेले म्हणजे वारा नाही. ७० पीएसआयवर तीन वेळा सोडली, मग हवा काढून ५० वर तीन वेळा. ७० ला सायकल विजेच्या खांबाच्या अलीकडे थांबायची आणि ५० ला खांब ओलांडून सहा-सात पावलं पुढे, तिन्ही वेळा. मला स्वतःला विश्वास बसेना म्हणून पुढच्या रविवारी परत केलं, परत तेच. नंतर विचार केला तर कळतं, कडक टायर प्रत्येक खडीवर उडतो, सायकल आणि माणूस दोघांना थोडं थोडं वर उचलतो, आणि ती ताकद पुढे जाण्यातूनच कापली जाते. नरम टायर खडी पोटात घेतो. काचेसारख्या रस्त्यावर गणित वेगळं असेल पण असा रस्ता आपल्याकडे आहे कुठे. ३५ पर्यंत पण उतरवून पाहिलं, तिथे मात्र एका खड्ड्यात रिमला ठक्कन बसलं, तेव्हा आता पुढे ४७ मागे ५० वर कायम केलंय.

आणि मनगटं! गिरणाऱ्याहून परत आलं की बोटांना मुंग्या यायच्या त्या येतच नाहीत आता.

गिरणाऱ्याला या दिवसांत सकाळी जाऊन बघा. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू आहे, मजुरांची चौकात ही गर्दी, पिकअपच्या रांगा, टोमॅटोचे कॅरेट एकावर एक. चहा घेतला की मी पुढे धोंडेगावच्या बाजूला कश्यपी धरणाकडे जाते, तिकडे रस्ता मोकळा असतो. तिथेच गेल्या आठवड्यात एका पाणंद रस्त्याला सायकल घातली, बांधाला दोन्हीकडे बाभळी, आणि व्हायचं तेच झालं. मागच्या चाकातून फिस्स फिस्स आवाज, चाक फिरेल तसा. उतरून बघितलं तर चांगला बोटाच्या पेरएवढा काटा. जुन्या सायकलवर असतं तर ट्यूब काढा, बदला, हात काळे करा, वीस मिनिटं. इथे काटा चिमटीत धरून उपटला, लगेच भोकातून पांढरं दूध फुगा धरून बाहेर यायला लागलं, ते भोक खाली येईल असं चाक फिरवून धरलं, मनात तीस मोजले, फुगे बारीक होत होत बंद. शेजारच्या बागेत छाटणी करणारे एक बाबा कात्री खिशात घालून बघायला आले.

“ताई, दूध भरलंय का काय चाकात?”

मी म्हटलं हो बाबा, दूधच समजा, भोक पडलं की तिथे साय धरते. त्यांनी अंगठ्याने टायर दाबून बघितला, दोनदा दाबला, आणि म्हणाले आमच्या ट्रॅक्टरला टाकता येईल का. मी सांगितलं की सायकलचं मोठ्या भोकाला चालत नाही, आणि उन्हाने दोन-तीन महिन्यांत वाळतं, परत भरावं लागतं. ते खूप वेळ मान हलवत होते. त्या काट्याने माझी फक्त आठ-दहा पीएसआय हवा गेली असेल, तशीच घरी आले.

कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाची, गोष्ट मात्र एवढी सरळ झाली नाही. सायकल ११-२८ ची आली होती, म्हणजे मागे सर्वात छोटं चक्र ११ दातांचं आणि सर्वात मोठं २८ चं, पुढे पेडलजवळ ५० आणि ३४ ची दोन. आमच्याकडे चढाचा खरा पेपर म्हणजे अंजनेरी, हायवेवरून गावात वळलं की वरती पायऱ्यांकडे जो रस्ता जातो तो. तिथे माझा वेग ताशी ७ किमीच्या वर जात नाही. ३४ ला मागे २८ म्हणजे एका पेडल फेरीत सायकल २.६ मीटर पुढे जाते, म्हणजे ७ च्या वेगाला मिनिटाला ४५ फेऱ्याच होतात, प्रत्येक फेरी गुडघ्यावर येते. मागे ३४ दातांचं चक्र लावलं की एका फेरीत २.१५ मीटर, म्हणजे त्याच वेगाला ५४ फेऱ्या. नऊ फेऱ्यांचा फरक कागदावर काही वाटत नाही पण तिथे उभं राहून पेडल मारणं आणि बसून श्वास घेत चढणं एवढा तो फरक आहे. पहिल्यांदाच मी न थांबता पायऱ्यांपर्यंत गेले. वर दाट धुकं, गडाचा कडा अधूनमधून दिसत होता, माकडं रस्त्यातच बसलेली, आणि मला रडूच आलं थोडं, खरं सांगते.

पण परत येताना महिरावणीजवळ, पुढे मोठं चक्र होतं आणि छोटा चढ आला म्हणून मी मागे सर्वात मोठ्यावर टाकलं, तर कडकड असा आवाज आणि पेडल जाम. खाली बघते तर चेन तारेसारखी ताठ आणि डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, पुढे ओढून आडवा झालेला. सिंहस्थाच्या कामांमुळे त्या रोडला डंपर सारखे चालू असतात, कशीबशी कडेला झाले. पुतण्याला फोन लावला, त्याला सायकलीतलं कळतं. तो म्हणाला, “काकू, जोर लावू नका, पेडल हाताने उलटं फिरवा आणि पुढची चेन बोटाने आतल्या छोट्या चक्रावर ढकला.” तसं केलं, सुटली. ज्या दुकानात कॅसेट बदलून घेतली होती तिथे चेन जुनीच ठेवली होती, २८ च्या मापाची. मोठी कॅसेट टाकली की चेन लांब लागतेच. पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र यावरून, डिरेलरमधून न घेता, चेन गुंडाळायची आणि वर दोन कड्या जास्त ठेवायच्या, हे माप पुतण्याने संध्याकाळी माझ्यासमोर घेऊन दाखवलं तेव्हा माझी चेन त्या मापालाच पोचत नव्हती. अजून थोडा जोर लावला असता तर डिरेलर तुटून स्पोकमध्ये गेला असता. मला याचा अजूनही राग आहे. बाई आहे म्हणून की घाईत म्हणून माहीत नाही, पण मी दुकानात दोनदा विचारलं होतं, चेन बघितली का, आणि दोन्ही वेळा हो सांगितलं. तुम्ही विचारू नका, समोर मोजून घ्या.

नवी चेन टाकून परत अंजनेरीला गेले आणि घराजवळच सगळे गिअर लावून बघून निघाले, मोठं-मोठं पण. त्याच उतारावर डिस्क ब्रेकही तयार करून घेतले, नवीन पॅड सुरुवातीला धरत नाहीत, वेग घेऊन हळूहळू दाबत जवळपास थांबायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा केलं की पॅड आणि रोटर (चाकावरची चकती) एकमेकांना धरतात. आधी ओरडत होते, आता शांत आहेत. सीट बदलली ती मात्र जमली नाही, रुंद घेतली आणि मांड्या घासल्या, जुनीच परत लावलीये.

कालची राईड गिरणारे, कश्यपी आणि परत, साधारण ५५ किमी, या नव्या चेनवरची पहिली मोठी. घरी येऊन मागचं चाक ओल्या फडक्याने पुसलं तर टायरवर चार पांढरे ठिपके सापडले, चार काटे, त्यातला एक अजून आतच मोडलेला. तो काढला नाही, हवा ५० ची ४८ आहे सकाळपासून. रविवारी याच टायरवर वाघेऱ्याच्या घाटाने हरसूलपर्यंत जाऊन यायचंय, गंगापूर नाक्यावरून पहाटे साडेपाचला निघतेय, कुणाला यायचं असेल तर या.