‘मंगोलियन’ डाग म्हणजे ‘मंगोल’ बाळ का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. बालरोगतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. नवजात बाळाच्या कमरेखाली निळसर डाग दिसतो, डिस्चार्ज कार्डावर ‘मंगोलियन स्पॉट’ लिहिलेलं असतं आणि आजीच्या पोटात गोळा येतो. तिच्या काळात डॉक्टर ‘मंगोल बेबी’ म्हणायचे ते डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. गर्भात असताना काही रंगपेशी त्वचेच्या वरच्या थरापर्यंत पोचत नाहीत, खोलवरच राहतात. तो रंग वरून निळा दिसतो, एवढंच. भारतात, पूर्व आशियात, आफ्रिकेत असे डाग सर्रास आढळतात आणि बहुतेक मुलांचे काही वर्षांत आपोआप फिके होतात. जपानमध्ये काम करणाऱ्या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरांनी १८८५ मध्ये हे नाव दिलं. जन्मतःच कार्डावर नोंद करायची ती यासाठी, की पुढे कुणाला तो माराचा वळ वाटू नये.

‘मंगोल’ म्हणजे डाउन सिंड्रोमचं बाळ, या दुसऱ्या अर्थाचा मात्र मला मनापासून राग आहे. १८६६ मध्ये जॉन लँग्डन डाउन या ब्रिटिश डॉक्टरांनी मतिमंद समजल्या जाणाऱ्या रुग्णांची चेहऱ्यावरून चक्क वंशवार विभागणी केली आणि एका गटाला ‘मंगोलियन’ म्हटलं. १९५९ मध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरं कारण दाखवलं: एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत. म्हणजे वंशाचा प्रश्नच नव्हता. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून तो शब्द सोडायला सांगितलं, १९६५ मध्ये खुद्द मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे हरकत घेतली आणि संघटनेने तो वापरणं थांबवलं. आपल्या दवाखान्यांत तो त्यानंतरही कितीतरी वर्षं रेंगाळला.

ज्यांचं हे नाव, ती माणसं यात कुठेच नाहीत. मंगोलियाची लोकसंख्या जेमतेम पस्तीस लाख. त्याहून जास्त मंगोल चीनच्या इनर मंगोलियात राहतात, ते नागरिक चीनचे. उलट मंगोलियाच्या पश्चिम टोकाला बायान-उल्गी प्रांतात बहुसंख्य लोक कझाक आहेत, पण नागरिक मंगोलियाचेच. (आपला ‘मोगल’ हाही ‘मंगोल’चाच फारसी अवतार. मराठवाड्यातले जुने लोक निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणत, ती त्यातूनच आली.)

तेव्हा आजींना सांगा, डागावरून डाउन सिंड्रोम ओळखता येत नाही. बाळाच्या तपासणीत आम्हाला तशी शंका आलीच, तर रक्तातल्या गुणसूत्रांची तपासणी करतात. डाग अंगभर पसरलेले असले किंवा वाढत गेले, तर मात्र एकदा दाखवून घ्या, क्वचित त्यामागे चयापचयाचा एखादा आजार असू शकतो. आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला कुणी ‘मंगोल’ म्हणालं, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.