तांब्याची विशिष्ट उष्माधारकता, सातवी फेरी: गळती तारांतून होती

एक ग्रॅम तांबं एक केल्विननं तापवायला किती उष्णता लागते (हीच विशिष्ट उष्माधारकता), ते मी तांबं खूप थंड करून मोजतोय. त्यासाठी शनिवारी दिंडोरी रोडच्या ओळखीच्या पशुवैद्यकांकडून तीन लिटर लिक्विड नायट्रोजन मिळालं. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे ते असतंच. ओतताना दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. लिटरभर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, बंद खोलीत हे करूच नका.

आधीच्या सहा फेऱ्यांत नमुन्याचं, म्हणजे तांब्याच्या तुकड्याचं, तापमान एका जागी थांबतच नव्हतं. हीटर बंद असूनही मिनिटाला ०.३ केल्विननं तापमान चढायचं. भोवतीचं तांब्याचं कवच (जुन्या नाशकातल्या एका तांबटाकडून ठोकून घेतलेलं, फार सुबक झालंय) नमुन्याच्याच तापमानाला ठेवलं, हवा काढून टाकणारा पंप रात्रभर चालवला, तरी तेच. शेवटी लक्ष तारांकडे गेलं. हीटरच्या चार आणि पीटी-१०० च्या (प्लॅटिनमच्या तापमापकाच्या) चार, अशा आठही तारा गरम झाकणावरून थेट नमुन्यावर उतरत होत्या!

आता प्रत्येक तारेचे आधी कवचावर पाच वेढे दिलेत. खाली सिगारेटचा कागद, वर वार्निशचा पातळ हात, आणि दोऱ्यानं घट्ट आवळलंय. म्हणजे तारेतली उष्णता कवचातच मुरते, नमुन्यापर्यंत पोचत नाही. चढ मिनिटाला ०.०२ केल्विनवर आला. मीटरचा शेवटचा आकडा हलायचा थांबला तेव्हा मी चहा टाकायचाही विसरलो.

मग मोजलं. मँगॅनिन या मिश्रधातूच्या तारेच्या ११० ओहमच्या हीटरला ३० मिलिअँपिअर, ६० सेकंद, म्हणजे ५.९४ ज्यूल. हीटर लावण्याआधीची आणि नंतरची तापमानाची रेषा मधल्या क्षणापर्यंत वाढवून त्यांच्यातला फरक घेतला, तापमानातली वाढ मिळाली १.८७ केल्विन. एकूण ३.१८ ज्यूल प्रति केल्विन. त्यातून नमुना ज्यावर बसतो त्या रिकाम्या धारकाचे ०.६१ वजा. नमुना १२ ग्रॅमचा, म्हणून ८२ केल्विनला ०.२१४ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति केल्विन. खोलीच्या तापमानाला हेच ०.३८५ असतं. मोलमागे १३.६ ज्यूल प्रति केल्विन झाले, तर घन मूलद्रव्यांसाठीचा ड्युलाँग-पेटी यांचा १८१९ चा नियम जवळपास २५ सांगतो. भौतिकशास्त्रज्ञ डेबायनं १९१२ मध्ये समजावलेली ही घसरण स्वतःच्या टेबलावर उतरलेली पाहिली, याचं फार समाधान आहे.

पुस्तकातल्या किमतीपेक्षा माझा आकडा सुमारे २ टक्के जास्त आहे. माझा संशय नमुना आणि धारक यांच्यामध्ये लावलेल्या ग्रीसवर. रिकाम्या धारकाच्या फेरीत ते बोटानं अंदाजे लावलं होतं, वजन केलंच नव्हतं. नमुन्याखाली बहुधा जास्त गेलं. पुढच्या शनिवारी दोन्ही वेळा २० मिलिग्रॅम तोलून लावणार आणि रिकामा धारक पुन्हा मोजणार.