३०५ की ४५४?

डिमॉलिशन डर्बीची, म्हणजे जुन्या गाड्या एकमेकींवर आपटायच्या खेळाची, गाडी दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला: इंजिन कोणतं टाकायचं? चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कुठे कुजलीय, मागचा ॲक्सल कसला आहे, रेडिएटरच्या मागे जागा किती उरते, हे कुणी विचारत नाही. इंजिन किती मोठं, एवढंच. आमच्या मराठी मंडळात गणपतीला हा विषय निघाला, तर कॉम्प्युटरवाली मंडळीसुद्धा लगेच हॉर्सपॉवर विचारायला लागली.

मी इंडियानातल्या एका छोट्या गावात गॅरेजमध्ये काम करतो. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे वर्षभर गंजलेले ब्रेकपाइप आणि सायलेन्सर बदलायचे. उन्हाळा आला की काउंटी फेअरचे डर्बीवाले. फेअर म्हणजे इथली जत्रा. गाई-डुकरांची प्रदर्शनं, पाळणे, आणि एका संध्याकाळी मैदानात टँकरने पाणी मारून चिखल करतात आणि त्यात जुन्या गाड्या एकमेकींवर घालतात. शेवटी जी चालत राहील ती जिंकली. काचा आधीच काढलेल्या, बॅटरी आत पायाशी, मूळ टाकी काढून सीटमागे छोटी टाकी. ड्रायव्हरच्या दारावर ठोकलं तर बाद. दाराजवळ लाकडी काठी बांधलेली असते, खेळ संपला असं वाटलं की ती मोडायची. आणि आमच्या फेअरच्या नियमाप्रमाणे ६० सेकंदांत कुणालाच ठोकलं नाही, तरी बाद.

गेल्या उन्हाळ्यात एक पोरगा १९८६ची शेव्हरोले कॅप्रिस ट्रेलरवर घालून घेऊन आला, बरोबर आजोबा. गाडीत मूळचं ३०५ होतं, म्हणजे ३०५ घन इंच, ५ लिटरचं व्ही-८. आजोबांच्या कोठारात जुन्या पिकअपचं ४५४ पडून होतं, ७.४ लिटरचं बिग ब्लॉक, म्हणजे अंगानेच मोठं इंजिन. ते टाका, म्हणाले. आमचा मालक ‘गिऱ्हाईक म्हणतंय ना, मग टाकून दे’ या पंथाचा. त्याला फक्त तासांचं बिल दिसतं.

मी टेप घेतली आणि दोघांना बॉनेटखाली वाकायला लावलं. डर्बीत शहाणा माणूस रिव्हर्समध्येच लढतो, डिकीने ठोकतो, कारण नाक चेपलं की रेडिएटर मागे सरकतो, पंखा त्यात घुसतो आणि पाणी गेलं. तरी कधी ना कधी कुणीतरी नाकावर येतंच. म्हणून पाण्याचा पंप आणि रेडिएटर यांच्यामधली मोकळी जागा हेच गाडीचं आयुष्य. ४५४ लांबीला जास्त, रुंदीला जास्त, वजनाला पन्नासेक किलो जास्त, आणि ते सगळं नाकावर. मागची बाजू तर त्याहून वाईट. फोर्डच्या ३०२ इंजिनाला डेल्को, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, पुढे असतो. शेव्हीला, म्हणजे शेव्हरोलेला, तो अगदी मागे, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पत्र्याला, चिकटून. नाकावर बसलं, इंजिन मागे रेटलं गेलं, की डेल्कोची कॅप फायरवॉलवर आपटून फुटते आणि गाडी जागच्या जागी मेली. पाणी संपून मेलेल्या शेव्हींपेक्षा डेल्को फुटून मेलेल्या मी जास्त पाहिल्यात.

आणि ताकद हवीय कशाला? चिखलात ३०५ सुद्धा चाकं जागेवर फिरवतं. त्यापुढचा टॉर्क नुसता चिखल उडवायला. मी आजोबांना म्हटलं, १९६४ ते ६६च्या क्रायस्लर इम्पीरियलवर कितीतरी डर्बींमध्ये बंदी आहे, ती इंजिनामुळे नाही, चासीमुळे. आजोबा म्हणाले, इम्पीरियल मी स्वतः चालवलीय, मला शिकवू नकोस.

खरी अडचण पोराची होती. त्याचे मित्र ३०५ म्हटलं की हसायचे. मग मी त्याला एक गोष्ट दाखवली. ३०५ आणि ३५० बाहेरून एकच. स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची वर-खाली धावही, एकच, ३.४८ इंच. फरक फक्त बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा, ३.७३६ आणि ४ इंच. इंजिन कोणतं ते सांगणारा ओतीव नंबर ब्लॉकच्या मागच्या कडेला, गिअरबॉक्सजवळ. तो वाचायला फायरवॉलपाशी डोकं खुपसून तेलकट काजळी खरवडावी लागते. पोराचा चेहरा खुलला. दोन दिवसांनी दारावर पिवळ्या रंगात ‘३५०’ आलं. आजोबांनी मात्र बिग ब्लॉक बसवण्याचं एस्टिमेट बघितलं, बक्षिसाची रक्कम आठवली आणि गप्प बसले.

पुढचं काम मी मन लावून केलं. इंजिन उघडलं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी बोअरिंगच्या मशीनवर शिकलो. तिथे पिस्टन ढिला ठेवला म्हणजे उस्तादाच्या शिव्या ठरलेल्या. इथे उलटं. पाणी गेल्यावर पिस्टन फुगतो, आणि नव्या घट्ट बोअरमध्ये तो आधी धरतो. लाख मैल पळून सैल झालेलं इंजिन वाफा सोडत चालत राहतं. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरला साधारण सारखं आलं, तेवढं पुरे. कॉम्प्युटरवर चालणारा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर काढला आणि भंगारातला ओतीव मॅनिफोल्ड आणून त्यावर दोन बॅरलचा जुना रॉचेस्टर कार्ब्युरेटर चढवला. ८६ची गाडी होती म्हणून मॅनिफोल्ड सरळ बसला. ८७पासून त्याच्या मधल्या बोल्टांचा कोन बदलला, मग ड्रिल घेऊन खटपट. कॉम्प्युटर गेला म्हणून डेल्कोही जुना, ठिणगीची वेळ वजनं आणि व्हॅक्यूमवर जुळवणारा. पंप आखूड टाकला, त्याने पुढे तीनेक सेंटिमीटर मिळाले, पण पुल्या जुळवण्यात अख्खी दुपार गेली. इंजिन ज्यावर बसतं त्या रबरी फाउंडेशनच्या जागी लोखंडी. वरून इंजिन साखळीने चासीला जखडलं. डेल्कोभोवती लोखंडी पिंजरा आमच्या फेअरला चालत नाही, म्हणून त्याच्या मागची फायरवॉल घणाने आत बसवली, तळहात आडवा जाईल इतकी. गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर ड्रायव्हरच्या शेजारी. अशी गाडी बघून कुणाला वाटत नाही की त्यात डोकं वापरलंय, पण मला त्या डेल्कोमागच्या खड्ड्याचा अभिमान आहे.

फायनलला पोरगा पोचला. रेडिएटर मध्यावरच फुटला. आधी पांढरी वाफ, मग नुसता करपट वास, आणि इंजिन खडखडत का होईना चालू. डेल्को शाबूत. तीन गाड्या उरल्या. तेवढ्यात एका फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाने त्याच्या पुढच्या उजव्या मडगार्डावर घेतलं आणि ढकलत ढकलत नाक मैदानाच्या कडेच्या ओंडक्यावर चढवलं. मागची चाकं चिखलात, इंजिन ओरडतंय, गाडी हलत नाही. साठ सेकंद संपले. त्यातले शेवटचे दहा जरा घाईने मोजले गेले असं माझं मत आहे, पण झेंडेवाला क्राउन व्हिक्टोरियावाल्याचा शेजारी, तेव्हा बोलण्यात अर्थ नाही. तिसरा नंबर. पोराने स्विच बंद केला तरी इंजिन थांबेना. तापलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप पेटत होतं, धडक धडक करत ते काही वेळ तसंच फिरत राहिलं.

स्टँडमधून उतरणारा प्रत्येक जण सांगून गेला, ४५४ असतं तर निघाला असता. हे मला पटत नाही. चाकं फिरत होती, पकड नव्हती. लोकांना इंजिनाचा आवाज कळतो, टायर कळत नाही.

पण आजोबांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. ते म्हणाले, निघण्याचं सोड, ४५४ असतं तर नाक ओंडक्यावर चढलंच नसतं. मी हिशोब मांडला. दीड टनाच्या गाडीत पन्नास किलो, म्हणजे तीन टक्के. तीन टक्क्यांनी काय होतं? पण गाडीभर वाटलेलं नव्हे, सगळं नाकावर, आणि ढकललं गेलं ते नाकच. नाक ओंडक्यावर चढवायला ते वजन उचलावं लागतं. चिखलात समोरच्याचीही चाकं घसरत होती, शेवटच्या ढकलीला तो अगदी काठावर होता. त्याला आणखी तीन-चार टक्के जोर लागला असता तर? उलट ४५४ असतं तर पहिल्याच फेरीत डेल्को गेला असता, हेही तितकंच खरं. गाडी भंगारात गेली, दोन्ही इंजिनं घालून बघायची सोय नाही.

आता आजोबांनी ते ४५४ पॅलेटवर घालून गॅरेजमध्ये आणून टाकलंय आणि पोराने दुसरी कॅप्रिस शोधलीय. मालकाने एस्टिमेट पाठवूनही दिलं. मी फक्त टेप लावून बघितली: पंप आखूड टाकला तरी पुढे चार बोटं जागा राहते. फायरवॉल मात्र घणाने भागणार नाही, कापावी लागेल, आणि ते नियमात बसतं का हे विचारावं लागेल.

काल पोराचा मला वेगळा मेसेज आला. दारावर ‘४५४’ रंगवलं आणि आत ३०५च ठेवलं तर आजोबांना कळेल का? कळेल, असं लिहिलं मी. बिग ब्लॉकची व्हॉल्व्ह कव्हरं रुंद असतात, आजोबा लांबूनच ओळखतील. त्यांना फसवायचं असेल तर फार तर ३५०.