पूल हवाच, पण तरही राहू द्या

दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की वाशिष्ठीच्या खाडीपलीकडचे धोपावे, तिथले माड आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या स्पष्ट दिसतात. तरीने, म्हणजे खाडी उतरवणाऱ्या होडीने, हे अंतर काही मिनिटांचे आहे. खाडी न उतरता मोटारीने जायचे म्हटले, तर मात्र दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घालत गुहागरकडे यावे लागते आणि त्यात सहज अर्धा दिवस मोडतो. (नव्वदच्या दशकात देशभर गाजलेला ‘दाभोळ वीज प्रकल्प’ दाभोळात नाहीच, तो पलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला आहे. नाव ठेवणाऱ्यांनी मधली खाडी जमेस धरलेली दिसत नाही.) तालुक्यांच्या आणि जिल्ह्यांच्या हद्दी आखणाऱ्यांनी खाड्या सोयीच्या मानल्या, पण सोयरिकी, जत्रा आणि बाजार या हद्दींना जुमानत नाहीत. आमच्याच नात्यात दोन्ही तीरांवरची माणसे आहेत, त्यामुळे खाडी कशी उतरायची हा प्रश्न आमच्याकडे लग्नाच्या याद्या करतानाही निघतो.

कोकणातल्या नद्या लांबीने लहान आहेत. सह्याद्रीत उगम पावून थोडक्या अंतरात त्या समुद्राला मिळतात आणि मुखाशी रुंद होतात. भरतीचे पाणी त्यांच्यात बरेच आतपर्यंत चढते आणि जिथवर ते चढते, तिथवर पूर्वी गलबते जात. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर या पेठा अशाच ठिकाणी वाढल्या, कारण गलबतातला माल उतरवून बैलांच्या पाठीवर घालायचा आणि घाटावर न्यायचा, ही अदलाबदल तिथे होई. नदीचे पात्र त्याच सुमारास अरुंद होत असल्याने पूलही तिथेच बांधले गेले. मुंबई-गोवा महामार्ग या पेठांवरूनच गेला आणि पुढे 1998 साली पूर्णपणे खुली झालेली कोकण रेल्वेही बहुतांशी किनाऱ्यापासून आत, डोंगर पोखरत गेली. समुद्रालगतची गावे मात्र खाड्यांच्या तोंडाशी, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आणि तरीही तुटलेलीच राहिली.

हा वळसा नुसता वेळखाऊ नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्याही गेल्या. त्यांपैकी एक जयगडहून मुंबईला निघाली होती. जयगड हे अगदी समुद्रालगतचे बंदर, पण तिथून मुंबईला जाणाऱ्या माणसालाही आत येऊन महाडचाच पूल ओलांडावा लागत होता. नवा पूल वर्षाच्या आत बांधून झाला, ही गोष्ट सरकारच्या जमेस धरायलाच हवी.

किनाऱ्यावरच्या माणसाला पलीकडे नेणारी सोय म्हणजे तर. तरीची होडी घड्याळावर चालत नसे, ती पाण्यावर चालत असे. सुकतीला, म्हणजे ओहोटीने पाणी खाली गेले की, होडी काठाला लागत नसल्याने गुडघाभर चिखल तुडवीत, चपला हातात घेऊन उतरावे लागे आणि उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, मुखाशी ओढ इतकी असे की तरवाला होडी आधी काठाकाठाने बरीच वर नेऊन मगच पलीकडे सोडत असे. पाण्याची वेळ काढण्याचे गणित किनाऱ्यावर पुष्कळांना तोंडपाठ असते. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीचा सुमार निघतो. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला भरती आणि बाराच्या सुमारास सुकती. हे गणित मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण दुपारच्या तरीला चपला घालून जायचे की हातात घ्यायच्या, एवढे त्यावरून नक्की कळते.

दाभोळ-धोपावे दरम्यान 2003 साली मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि किनाऱ्याच्या प्रवासाचे स्वरूपच बदलले. पुढे सावित्रीच्या मुखाशी वेसवी-बागमांडला, राजपुरीच्या खाडीत आगरदांडा-दिघी आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ-जयगड इथेही अशा बोटी आल्या. या सपाट तळाच्या बोटीला किनाऱ्याकडचे बरेच लोक ‘जंगलजेटी’ म्हणतात. पुढची लोखंडी फळी काँक्रीटच्या उतारावर खणकन आपटते आणि उतरणारी वाहने निघून गेली की चढणाऱ्यांना आत घेणे सुरू होते. मोटारींमधल्या फटींत दुचाक्या सरकवायच्या, कोणत्या गाडीचा आरसा मिटवायचा आणि कोणाला आणखी वीतभर मागे घ्यायचे, हे सगळे तिथला माणूस हातवाऱ्यांनी सांगत असतो, आणि शहरात मोटार हाकण्याचा अनुभव कितीही दांडगा असला तरी इथे त्याचेच ऐकावे लागते. सुकतीला पाणी खाली गेल्याने उतार जास्त लागतो, तेव्हा बुटक्या मोटारींचे पोट फळीला घासते. पर्यटकांचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे होतात.

रेवस-रेडी सागरी महामार्गाची कल्पना माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळापासूनची आहे. आता या खाड्यांवर मोठे पूल बांधण्याच्या हालचालींनी वेग घेतला आहे आणि त्याचे स्वागत करताना मला कसलाही संकोच वाटत नाही. रात्री फेरीबोट बंद असताना आजारी माणसाला पलीकडच्या दवाखान्यात नेण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना तरीच्या रम्यपणाचे कौतुक ऐकवू नये. वादळी पावसात बोटी थांबल्या की शाळेची मुले, मासे विकणाऱ्या बाया आणि कचेरीत जाणारे सगळेच अडकतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की, पूल आणि तर ही एकाच कामाची दोन साधने नाहीत. पूल वाहनांसाठी असतो. तो बांधणाऱ्याला जिथे खडक, उंची आणि रस्ता सोयीचा पडतो, तिथे तो होतो, आणि त्याचे टोक पुष्कळदा गावाबाहेर माळावर उतरते. तर मात्र बाजारात उतरवते. दाभोळात बोटीतून पाय उतरला की माणूस गावातच असतो. माशाची टोपली घेऊन चालत येणाऱ्या बाईला पुलाच्या टोकापर्यंत जायला, तो ओलांडायला आणि पुन्हा गावात यायला दोन वाहने करावी लागली, तर पुलाने तिचे अंतर वाढवलेच म्हणायचे.

गोव्यात हे ताडून पाहता येते. पणजीजवळ मांडवीवर आज एकाला एक लागून तीन पूल आहेत, त्यातला सर्वांत नवा 2019 साली खुला झाला, आणि तरीही पणजी ते बेती अशी फेरीबोट त्यांच्या शेजारी चालूच आहे. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा तेव्हाचा पूल कोसळला, तेव्हा या फेरीबोटी होत्या म्हणून पणजीची ये-जा पार थांबली नाही. तिथली फेरीसेवा सरकारचे नदी परिवहन खाते चालवते. आपल्याकडे ती बहुतांशी खासगी आहे, त्यामुळे मोटारी पुलावर गेल्या की केवळ पायी उतारूंच्या भाड्यावर बोट चालवणे कोणालाही परवडणार नाही.

म्हणून पुलाच्या अंदाजपत्रकातच दोन्ही तीरांवरच्या उतारू-धक्क्यांची दुरुस्ती, सुकतीलाही चिखलात न उतरता चढता येईल अशा पायऱ्या आणि लहान यांत्रिक होडीचे काही वर्षांचे अनुदान यांची तरतूद असावी. पुलाच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ ठरेल. दोन्ही तीरांच्या ग्रामपंचायतींनी कामाचे आदेश निघण्याआधीच तसे ठराव करून पाठवले, तर नंतर अर्ज-विनंत्या करीत बसावे लागणार नाही.